'काही नाही झालं, काकू': कॉलेज लॅक्रॉसमधल्या दुखापती ओळखायच्या कशा, निभवायच्या कशा

मार्चमधला एक शनिवार. मेरीलँडमधल्या एका छोट्या कॉलेजचं मैदान, बोचरा वारा, आणि टर्फमधले काळे रबराचे दाणे बुटामोज्यांत जाऊन बसलेले. ओळखीतल्या एका घरचा मुलगा मिडफिल्डला खेळत होता. धक्का बसला, तो पालथ्या हातावर पडला, लगेच उठला आणि धावायलाही लागला. आईनं सुस्कारा सोडला. मी मात्र पुढची पाच मिनिटं फक्त त्याचे हात बघत होते. उजव्या हाताचा खेळाडू, पण स्टिक डाव्या हातात गेली होती आणि ती परत उजव्या हातात आलीच नाही. मध्यांतरात विचारलं तर म्हणाला, "काही नाही झालं, काकू. थोडं लचकलंय."

मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडलेलं होतं.

मी मूळची नाशिकची. व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. मेरीलँड, न्यू जर्सी, व्हर्जिनिया या पट्ट्यात लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, शाळाशाळांत रुजलेला असल्यानं आपल्या मराठी घरांतली मुलंही आता तो कॉलेजपर्यंत नेतात. आईवडिलांनी स्वतः क्रिकेट, कबड्डी, फार तर हॉकी खेळलेली असते. मुलगा नेमका कशाला सामोरा जातोय, हे त्यांना पहिल्या फ्रॅक्चरनंतर कळतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. यात एक गोष्ट पुन्हापुन्हा येईल: मुलगा काय म्हणतो त्यापेक्षा त्याचं शरीर काय करतंय ते बघा. संघातली जागा जाईल या भीतीनं एकोणीस वर्षांचा मुलगा दुखणं लपवतो. तो लबाड असतो म्हणून नाही, त्याला खेळायचं असतं म्हणून.

आधी हा खेळ समजून घ्या

लॅक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा, विशेषतः हौडेनोशोनी लोकांचा खेळ. आज पुरुषांच्या मैदानी खेळात एका बाजूला दहा खेळाडू असतात: एक गोलकीपर, तीन बचावाला, तीन मध्यात, तीन आक्रमणाला. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीत, म्हणजे ऐन थंडीत सुरू होतो आणि मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीत राष्ट्रीय स्पर्धेनं संपतो. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची ही स्पर्धा १९७१ पासून होते.

दुखापतींच्या दृष्टीनं तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, चेंडू. भरीव रबराचा, साधारण १४५ ग्रॅमचा. चांगल्या कॉलेज खेळाडूचा फटका ताशी १४५ ते १६० किलोमीटरपर्यंत जातो. दुसरी, स्टिक. आखूड स्टिक मीटरभर, तर बचावपटूची लांब स्टिक सहा फुटांपर्यंत. तिसरी, अंगाला अंग भिडवणं इथे कायदेशीर आहे. चेंडू बाळगणाऱ्याला समोरून किंवा बाजूनं, कमरेच्या वर आणि मानेच्या खाली धडक देता येते. शिवाय स्टिक धरलेला हातमोज्यातला हात नियमानं स्टिकचाच भाग मानला जातो, म्हणजे त्यावर काठी मारणं फाउल नाही. बोटं आणि मनगटं का सुजतात, याचं अर्धं उत्तर या एका नियमात आहे.

एवढं ऐकून पालकांना वाटतं की सगळं धोक्याचं ते धडकेतच. तसं नाही. एनसीएएनं १९८८ ते २००४ या सोळा हंगामांची जी नोंद ठेवली, त्यात सामन्यांमध्ये दर १००० सहभागांमागे (एका खेळाडूचा एक सामना किंवा एक सराव म्हणजे एक सहभाग) १२.५८ दुखापती होत्या आणि सरावात ३.२४. म्हणजे सामना सरावापेक्षा जवळजवळ चौपट धोक्याचा. पण सामना असो वा सराव, सगळ्यात जास्त वेळा दुखावलेला अवयव एकच: घोटा. त्यातले कितीतरी घोटे कुणीही न धडकता, नुसतं पळता पळता दिशा बदलताना मुरगळलेले असतात.

पहिली पायरी: हंगामाआधीची तयारी

ऑगस्टमध्ये मुलाची कॉलेजची वैद्यकीय तपासणी होते. फॉर्म भरताना "मागच्या दुखापती" या रकान्यात "नाही" लिहायची घाई करू नका. नववीत मुरगळलेला घोटा, दहावीत डोक्याला लागलेला मार, सगळं लिहा. कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकारानं गेलं असेल तर तेही लिहा, मग ते गावाकडचे चुलत आजोबा का असेनात. आपल्याकडे अशा गोष्टी मुलांना सांगितलेल्याच नसतात. नागपूरला, सोलापूरला फोन लावून आजीला विचारा.

याच तपासणीत सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न येतो. एनसीएएच्या संघांत प्रत्येक खेळाडूच्या सिकलसेल वाहक स्थितीची नोंद मागितली जाते. अमेरिकेत हा आजार कृष्णवर्णीयांचाच, असा बऱ्याच जणांचा समज आहे आणि मुलाचं आडनाव बघून इथला डॉक्टर कदाचित खोलात जाणारही नाही. पण विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल किती घरांत आहे हे आपल्याला ठाऊक आहे. वाहक मुलगा निरोगीच असतो, खेळू शकतो, उत्तम खेळू शकतो. फक्त ऊन, पाण्याची कमतरता आणि न थांबता काढलेले दौड यांच्या एकत्र माऱ्यात तो कोसळू शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. ट्रेनरला, म्हणजे दुखापती सांभाळायला संघासोबत असणाऱ्या प्रशिक्षित माणसाला, माहीत असेल तर तो मध्ये विश्रांती देतो. यात लपवण्यासारखं काहीही नाही.

कन्कशनसाठीची, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला होणाऱ्या दुखापतीसाठीची, बेसलाइन चाचणीही हंगामाआधीच होते: स्मरणशक्ती, प्रतिसादाचा वेग, तोल. काही मुलं मुद्दाम वाईट गुण मिळवतात, म्हणजे पुढे डोक्याला लागलं तरी फरक दिसू नये. ही युक्ती संघात एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मुलाशी याबद्दल थेट बोला. बेसलाइन हीच त्याच्या मेंदूची मूळ नोंद असते, आणि ती त्यानं स्वतःच खोटी केली तर उद्या डॉक्टरांना ताडून बघायला काहीच उरत नाही.

मग साहित्य. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसलं पाहिजे. दोन्ही हातांनी धरून हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर माप चुकलंय. खांद्याच्या पॅडमध्ये छातीवर येणारा भाग एनडी २०० या मानकाचा आहे ना, ते लेबल शोधून वाचा. २०२२ पासून मैदानावरच्या खेळाडूंनाही हे बंधनकारक झालं. थोरल्या भावाचे जुने पॅड धाकट्याला देण्याची आपली सवय इथे मोडा. माउथगार्ड मुलं कात्रीनं कापून लहान करतात, तसं करू देऊ नका. हातमोज्यांचे तळवे फाटले की बदला. पकड चांगली मिळते म्हणून बोटं बाहेर काढून खेळणारे मुलगे मी पाहिलेत, आणि नंतर त्यांच्या बोटांचे एक्सरेही.

दुसरी पायरी: छातीवर चेंडू, आणि पहिली तीन मिनिटं

हे क्वचित घडतं. तरी यावर मी सर्वांत जास्त बोलते, कारण इथे विचार करायला वेळ नसतो.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक अगदी बारीक क्षण असतो, सेकंदाचे काही शतांश फक्त. नेमक्या त्याच क्षणी छातीवर डाव्या बाजूला कठीण चेंडू आदळला, तर निरोगी हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे जात नाही. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. बरगडी मोडलेली नसते, बाहेर वळही नसतो. मार्च २००४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा चौथ्या वर्षाचा खेळाडू फटका अडवायला आडवा गेला, चेंडू छातीवर बसला आणि तो गेला. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डॅमर हॅमलिन कोसळला, तो याच कारणानं. मैदानावरच लगेच छाती दाबली गेली, विजेचा झटका दिला गेला आणि तो वाचला, पुन्हा खेळलाही.

ओळखायचं असं: चेंडू लागतो, मुलगा एखाद-दोन पावलं टाकतो आणि कोसळतो. हाक मारली तर उत्तर नाही, श्वास नाही किंवा मध्येच आचका दिल्यासारखा. अंगाला झटके येऊ शकतात, त्यामुळे लोकांना फिट आल्यासारखं वाटतं. फसू नका.

मग या क्रमानं. एकानं ९११ ला फोन. दुसऱ्यानं धावत जाऊन एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायचा. तिसऱ्यानं तिथल्या तिथे छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोरात दाबायला सुरुवात: पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. जर्सी आणि पॅड कात्रीनं कापा, पैशांचा विचार नको. एईडी आला की चालू करा. यंत्र बोलून सांगतं काय करायचं ते, आणि गरज नसेल तर ते झटका देतच नाही, त्यामुळे वापरायला घाबरू नका. झटक्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरानं वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिकेची वाट बघत हातावर हात ठेवून बसणं म्हणजे ही मिनिटं घालवणं.

म्हणून कुठल्याही मैदानावर गेलात की बसायची जागा शोधण्याआधी एईडी कुठे आहे ते शोधा. मी अजून प्रत्येक सामन्याला हे करते. एका मैदानावर तो कुलूपबंद खोलीत होता आणि किल्ली कुणाकडे, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी खेळ सुरू होण्याआधी ती खोली उघडून घेतली, यंत्र बाकाखाली आणून ठेवायला लावलं, तेव्हाच खाली बसले.

तिसरी पायरी: डोकं

कन्कशनसाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. बहुतेक मुलं पडतही नाहीत. हेल्मेट कवटी वाचवतं. आत मेंदू हलतो त्याला ते काही करू शकत नाही. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये हा मार बहुतेकदा दुसऱ्या खेळाडूच्या धडकेनं बसतो, मोकळा चेंडू उचलायला डोकं खाली घातलेलं असताना तर हमखास.

गॅलरीतून काय बघायचं? उठायला नेहमीपेक्षा उशीर. चुकीच्या बाजूला चालत जाणं. बदली खेळाडू आलाय तरी मैदानावरच उभं राहणं. हेल्मेट काढून डोळ्यांवर हात धरणं. नजर कुठेच न ठरणं. यातलं एक जरी दिसलं तरी ट्रेनरच्या कानावर घाला. त्या दिवशी त्याला परत खेळवायचं नाही, हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

मानेत दुखत असेल, हातापायांना मुंग्या असतील, तर मुलाला हलवू नका आणि हेल्मेट ओढून काढू नका. ते काम प्रशिक्षित माणसांचं.

तासाभरात किंवा त्या रात्री पुढचं काही दिसलं तर थेट इमर्जन्सी: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, बोलणं जड होणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, झटके, हातापायात कमजोरी, उठवूनही नीट जाग न येणं.

हे काही नसेल तर पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. हलकं चालणं, घरातली साधी कामं चालतात. स्क्रीन मात्र कमी. पुढे सहा टप्पे: रोजची हालचाल, मग सायकल किंवा हलकं धावणं, मग एकट्यानं स्टिक-चेंडू, मग धडकेशिवाय संघासोबत सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीनं पूर्ण सराव, शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस, आणि लक्षणं वाढली तर एक पायरी मागे.

अभ्यासाचं कुणी बोलत नाही, ते मी बोलते. कन्कशन झालेल्या मुलाला पाऊण तास व्याख्यान ऐकून मळमळतं. मध्यसत्र परीक्षा याच दिवसांत असतात. कॉलेजकडून लेखी सवलत मिळते, पण मागावी लागते. आपली मुलं मागत नाहीत, आणि आपणही फोनवर आधी परीक्षेचंच विचारतो. पहिला आठवडा तेवढा तो प्रश्न विचारू नका.

चौथी पायरी: घोटा, गुडघा, मांडी

घोटा मुरगळला की आपल्याकडे लगेच मालीश, गरम शेक, हळदीचा लेप. लेपाबद्दल माझी तक्रार नाही, पण ताज्या सुजेवर मालीश आणि शेक मात्र नको. पहिले दोन-तीन दिवस पाय उंच, इलॅस्टिक पट्टी, दुखेल इतका भार नाही, आणि वेदनेसाठी कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटं.

एक्सरे हवा की नको, हे ठरवायला ओटावाचे नियम आहेत आणि ते घरातही वापरता येतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गाठ असते, तिच्या मागच्या कडेवर आणि टोकावर बोट दाबा. मग पायाच्या बाहेरच्या कडेवर साधारण मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथे. मग आतल्या बाजूला कमानीच्या वर. यातल्या कुठल्याही हाडावर दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्सरे. नाही दुखलं आणि चालता आलं, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी.

एक प्रकार मात्र फसवा आहे. सूज फारशी नाही, पण घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये दुखतं आणि पंजा बाहेर वळवला की मुलगा कळवळतो. ही वरच्या बंधाची दुखापत. साधी मुरगळ दोन-तीन आठवड्यांत सावरते, हिला दीड-दोन महिनेही लागतात. घाईनं परत पाठवलेला मुलगा यात पूर्ण हंगाम घालवतो.

दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला, असं समजू नका. एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभं राहता येतं का ते बघा, दोन्ही पायांची तुलना करा. तोलाचे व्यायाम रोज पाच मिनिटं, दात घासताना सुद्धा चालतील. पुढचं वर्षभर खेळताना आधारपट्टा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, तो या पाच मिनिटांच्या कंटाळ्यामुळे.

गुडघ्याचं तसं नाही, तिथे पहिल्याच क्षणी बरंच कळतं. पाय रोवला, शरीर वळलं, आतून "टक्" असा आवाज आला किंवा जाणवला, आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर एसीएल (गुडघ्याच्या आतला मुख्य बंध) तुटलाय असं धरून चाला, एमआरआय होईपर्यंत. फुगायला दुसरा दिवस उजाडला तर मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटलेला असू शकतो. बाहेरून धडक बसून आतल्या बाजूला दुखत असेल तर एमसीएलची (आतल्या बाजूच्या बंधाची) दुखापत, ती बहुधा शस्त्रक्रियेशिवाय बरी होते.

एसीएलची शस्त्रक्रिया झालीच तर एक आकडा पाठ करून ठेवा: नऊ महिने. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकलाल, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्यानं कमी होत जातो, असं नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं. पण नुसतं कॅलेंडर पुरत नाही. दुखावलेल्या पायाची मांडी दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के ताकदीची हवी, आणि एका पायावरच्या उड्याही तितक्याच लांब हव्यात. एप्रिलमध्ये एसीएल गेलेला मुलगा पुढच्या फेब्रुवारीत परत येऊ शकतो, पण मधली प्रत्येक सकाळ त्यात गेलेली असते. हे काम एकटं आणि कंटाळवाणं असतं. या काळात घरून येणारा फोन "व्यायाम केलास का" एवढ्यावर संपू नये. मुलाला संघापासून तुटल्यासारखं वाटत असतं.

मांडीवर बसलेला मुका मार सगळे हसण्यावारी नेतात. समोरच्याचा गुडघा मांडीत घुसतो, आत रक्त साठतं. इथे एक जुना, साधा आणि फार उपयोगी उपाय आहे: पहिल्या काही मिनिटांतच गुडघा जमेल तितका वाकवून, टाच मागे घेऊन पट्टीनं बांधायचा आणि वर बर्फ ठेवायचा. स्नायू ताणलेला राहिला की आत रक्त कमी साठतं आणि गुडघा आखडत नाही. ट्रेनर असेल तर तो हे करतोच. मालीश मात्र अजिबात नको. चोळलेल्या मुक्या मारात पुढे स्नायूतच हाडासारखी गाठ तयार होऊ शकते. शक्य असेल तर मुलाच्या आजोबांनाही हे सांगा, कारण तेल गरम करायला तेच पहिले उठतात.

मांडीच्या मागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग, आणि जांघ. थंडीतल्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे दोन्ही ओढले जातात. डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा घरी येतो, लाडानं खातो, झोपतो, आणि जानेवारीत एकदम दिवसाला दोन सराव. सुट्टीतच आठवड्यातून दोनदा नॉर्डिक व्यायाम करायला लावा: गुडघ्यांवर बसायचं, कुणीतरी मागून घोटे धरायचे, आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. यानं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी होतात, याचा भक्कम पुरावा आहे. घोटे धरायला धाकटी बहीण पुरते. जांघेसाठी कोपनहेगन व्यायाम: कुशीवर, वरचा पाय खुर्चीवर टेकवून कंबर उचलून धरायची.

पाचवी पायरी: खांदा, मनगट, अंगठा

खांद्याच्या टोकावर आपटलेल्या मुलाच्या कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाशी उंचवटा दिसला, तर तिथला सांधा सुटलाय. कॉलरबोनच्या मधोमध वाकडेपणा दिसला तर ते हाड मोडलंय. खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसला आणि मुलानं हात अंगाशी धरून ठेवला असेल, तर खांदा निखळलाय. तिन्हींत पहिलं काम एकच: हात झोळीत आणि डॉक्टरकडे. मैदानावर कुणी "मी बसवून देतो" म्हणालं तर अडवा. विशीच्या आत निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते, म्हणून पहिल्याच वेळी हाडांच्या सर्जनशी शस्त्रक्रियेबद्दल बोलून घ्या.

आता सुरुवातीच्या मुलाच्या मनगटाकडे येते. अंगठा वर ताणला की त्याच्या बुडाशी, मनगटावर दोन दोरांच्या मध्ये एक खळगा पडतो. पूर्वी तिथे तपकीर ठेवून ओढत असत. पालथ्या हातावर पडल्यावर त्या खळग्यात बोट दाबून दुखलं, तर स्कॅफॉइड मोडलं असं समजूनच चालायचं. पहिल्या एक्सरेत ते बऱ्याचदा दिसत नाही. त्या मुलाचाही पहिला एक्सरे स्वच्छ आला आणि "खेळ" म्हणून सांगण्यात आलं. त्याच्या आईनं हट्ट धरून अंगठ्यासकट प्लास्टरची पट्टी लावून घेतली, दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासणी करवली, तेव्हा भेग दिसली. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः एकाच टोकाकडून होतो. वेळ गेला तर दुसरं टोक मरू शकतं, आणि मग तिशीत मनगट म्हातारं होतं.

मुलगा गोलकीपर असेल तर त्याचे हातमोजे स्वतः हातात घेऊन बघा. वरच्या हाताचा अंगठा स्टिकच्या डोक्यामागेच असतो, आणि ताशी १५० किलोमीटरचा चेंडू तिथे आदळतो. अंगठ्याचं फ्रॅक्चर ही गोलकीपरची खास दुखापत. अंगठ्यात कडक कवच असलेले गोलकीपरचेच हातमोजे घ्या, साधे नकोत. चिमटीत किल्ली धरून फिरवताना अंगठा निसटतोय असं वाटलं, तर बुडाचा बंध तुटलेला असू शकतो.

बरगड्यांवर काठी बसते, ती दुखते आणि बरी होते. पण डाव्या बरगड्यांखाली मार बसला आणि डाव्या खांद्याच्या टोकात दुखू लागलं, चक्कर आली, तर प्लीहा फाटलेली असू शकते, लगेच इमर्जन्सी. कॉलेजात 'मोनो' नावाचा घसादुखी-तापाचा आजार फिरत असतो, त्यात प्लीहा सुजते. मोनो झालेल्या मुलानं निदान तीन-चार आठवडे धडकेचा खेळ खेळायचा नाही, ताप गेला तरी.

सहावी पायरी: हळूहळू वाढणारी दुखणी

या दुखण्यांचं मुलं नावच काढत नाहीत. एकाच बाजूला कंबर पिळून हजारो फटके मारणाऱ्या मुलाची कंबर दुखते. मागे वाकल्यावर एका बाजूला दुखणं दोन-तीन आठवडे राहिलं, तर मणक्याच्या मागच्या भागात तणावाची भेग असू शकते, तिची तपासणी करून घ्या. नडगीवर बोटानं दाखवता येईल इतक्या एका जागी दुखत असेल आणि रात्रीही दुखत असेल, तर तेही तसंच. आपल्या मुलांत ड जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी निघतं, आणि थंडीत तर आणखी. हिवाळ्याआधी एकदा रक्त तपासा.

शेवटची पायरी: परत खेळवायचं कुणी ठरवायचं, आणि कागद

एनसीएएच्या कॉलेजांत खेळाडूला परत पाठवायचं की नाही, हा अधिकार संघाच्या डॉक्टरचा आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा. प्रशिक्षकाचा नाही, तुमचा नाही, मुलाचाही नाही. त्या ट्रेनरचं नाव आणि फोन नंबर ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा. मुलगा क्लब संघात खेळत असेल तर चित्र वेगळं: तिथे रोज ट्रेनर असेलच असं नाही, सामन्याला तरी असतो का हे आधी विचारा.

विम्याचंही बघा. बऱ्याच कॉलेजांचा विमा तुमच्या घरच्या विम्यानंतर लागू होतो. म्हणजे आधी बिल तुमच्याकडे येतं. तुमची पॉलिसी कॉलेज असलेल्या राज्यात, तिथल्या रुग्णालयात चालते का, हे एमआरआयच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही.

आणि एक कागद, जो आपल्या घरांत हमखास राहून जातो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या संमतीशिवाय रुग्णालय किंवा कॉलेज तुम्हाला काहीही सांगायला बांधील नाही. तीनशे मैलांवरून तुम्ही फोन करता, आणि पलीकडून नम्रपणे नकार येतो. त्या स्कॅफॉइडवाल्या मुलाच्या आईनं दोन दिवस हेच सोसलं. आता तिच्या धाकट्याची पाळी आहे. गेल्या ऑगस्टमध्ये गाडीत सामान भरायच्या आधी तिनं त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, संमतीपत्राच्या दोन प्रती पुढे ठेवल्या, पेन दिलं आणि सही होईपर्यंत पुरणपोळीचं ताट हातातच धरून ठेवलं. एक प्रत ट्रेनरकडे गेली, दुसरी तिच्या पर्समध्ये असते.